विद्यापीठ परिक्षेत्रातली गणित प्राध्यापक संघटना कशी चालवावी: नव्या कार्यवाहांसाठी

तालुक्याच्या गावातल्या वरिष्ठ महाविद्यालयात गणित विभाग म्हणजे पुष्कळदा एकच माणूस असतो. एक कायमचे प्राध्यापक, फार तर जोडीला तासिका तत्त्वावरचे, म्हणजे घेतलेल्या तासांप्रमाणे मानधन मिळणारे, एक-दोघे. प्रथम वर्षाचं कॅल्क्युलस त्यांनीच शिकवायचं, तृतीय वर्षाची ग्रुप थिअरी त्यांनीच, प्रात्यक्षिकं त्यांनीच घ्यायची आणि महाविद्यालयाचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीही त्यांनीच भरायच्या. एखादा सिद्धांत शिकवताना अडलं तर स्टाफरूममध्ये रसायनशास्त्राचे सर असतात, कॉमर्सच्या मॅडम असतात. गणिताचं कुणी नसतं. प्रादेशिक संघटना या माणसासाठी असते, हे पहिल्यांदा मनाशी पक्कं करा. शहरातल्या मोठ्या विभागांना तिच्यावाचून फारसं अडत नाही. पुढे कार्यक्रम, वर्गणी, ठिकाण, वेळ यातलं काहीही ठरवताना ‘नंदुरबारच्या टोकाला असलेल्या धडगावच्या किंवा अक्कलकुव्याच्या सरांना याचा काय उपयोग?’ एवढा एक प्रश्न विचारलात तर निम्मे वाद जागच्या जागी सुटतात.

आपल्या देशातली गणितज्ञांची सर्वांत जुनी संघटना याच गरजेतून उभी राहिली. व्ही. रामस्वामी अय्यर हे सरकारी नोकरीतले डेप्युटी कलेक्टर. १९०७ साली त्यांनी गणिताची आवड असलेल्या मोजक्या लोकांना पत्रं लिहिली. परदेशी पुस्तकं आणि नियतकालिकं एकट्याला परवडत नाहीत, तर वर्गणी काढून ती मागवू आणि आपापसांत फिरवू, अशी ती कल्पना होती. त्यातून इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाली. तिचं ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होतं. तिच्याच नियतकालिकात १९११ साली रामानुजनचा पहिला शोधनिबंध छापून आला. तोवर त्यांना मद्रासबाहेर फारसं कुणी ओळखत नव्हतं. विखुरलेल्या माणसांना एकमेकांचा पत्ता कळला की काय होऊ शकतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आधी कार्यक्षेत्र ठरवा

महाराष्ट्रात विद्यापीठाचं परिक्षेत्र हेच संघटनेचं कार्यक्षेत्र ठेवणं सोयीचं. अभ्यासक्रम एक, परीक्षेचं वेळापत्रक एक, अभ्यासक्रम ठरवणारं अभ्यास मंडळ एक, त्यामुळे बोलायला विषय सामाईक. आमच्या खानदेशात जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन जिल्हे येतात. शिवाजी विद्यापीठाचं क्षेत्र धरलं तर कोल्हापूर, सांगली, सातारा. नांदेडच्या विद्यापीठाचं धरलं तर नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली. अख्ख्या राज्याची संघटना काढायचा मोह आवरा. बैठकीला येण्यासाठी रात्रीची गाडी धरावी लागली की माणसं दुसऱ्या वर्षी गळतात. उलट एका जिल्ह्यापुरतं क्षेत्र ठेवलं तर माणसं इतकी थोडी की दोघांचं भांडण झालं तर संघटनाच संपते.

दुसरी गोष्ट सदस्यत्वाची. अभियांत्रिकी महाविद्यालयात गणित शिकवणारे, कनिष्ठ महाविद्यालयातले, संख्याशास्त्राचे, निवृत्त झालेले, पीएच.डी. करणारे विद्यार्थी यांच्यापैकी कोण सदस्य होऊ शकेल, हे घटना लिहितानाच ठरवा. माझं मत विचाराल तर दार मोठं ठेवा. मात्र तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांबद्दल कसलीही संदिग्धता नको. आज पदवीच्या वर्गांवर प्रत्यक्ष शिकवणाऱ्यांत त्यांची संख्या मोठी आहे, आणि जून उजाडला की नेमणूक होईल की नाही याची त्यांनाच खात्री नसते. ‘मान्यताप्राप्त पूर्णवेळ शिक्षक’ असे शब्द नियमावलीत घातलेत तर ज्यांना संघटनेची सर्वांत जास्त गरज आहे तेच बाहेर राहतील. त्यांना पूर्ण मताधिकार द्या, वर्गणी निम्मी ठेवा, आणि वर्षाच्या मध्ये नेमणूक संपली तरी त्या वर्षाचं सदस्यत्व चालू राहील असं कलम स्पष्ट शब्दांत लिहा.

आणखी एक खुलासा पहिल्याच पत्रकात करून टाका. पगार, पेन्शन, पदभरती, तासिकेचं मानधन हे प्रश्न प्राध्यापकांच्या कामगार संघटना मांडतात. एमफुक्टो हा प्राध्यापक संघटनांचा राज्य महासंघ आणि त्याच्या घटक संघटना त्यासाठी आहेत. आपली संघटना विषयाची. तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांच्या मानधनाबद्दल तुम्हाला मनापासून वाईट वाटत असेल, मलाही वाटतं, आणि त्यासाठी तिकडच्या मोर्चात जरूर जावं. पण एकाच लेटरहेडवर दोन्ही कामं केलीत तर प्राचार्य आणि विद्यापीठ दोघंही अधिवेशनाला हात आखडता घेतात आणि मूळ काम राहून जातं.

यादी

नोंदणी, बोधचिन्ह, घोषवाक्य हे सगळं नंतर. आधी यादी करा. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर संलग्न महाविद्यालयांची नावं असतात. त्यातली विज्ञान शाखेची वेगळी काढा आणि प्रत्येक ठिकाणी फोन करा. कार्यालयातले लोक नाव सांगतात, नंबर देतातच असं नाही. मग परीक्षेच्या कामात कुणाची गाठ पडली असेल त्याच्याकडून मिळवा. यादीत नाव, महाविद्यालय, तालुका, नेमणुकीचा प्रकार आणि ‘कोणते पेपर शिकवतात’ एवढे रकाने पुरेत. शेवटचा रकाना बहुतेक जण सोडून देतात, पण पुढची सगळी कामं त्याच्यावरच चालतात. कॉम्प्लेक्स ॲनालिसिस परिक्षेत्रात कोण कोण शिकवतं हे कळल्याशिवाय तुम्ही त्यावरची कार्यशाळा कुणासाठी घेणार?

प्रत्येक जिल्ह्याला एक समन्वयक नेमा. फार ज्येष्ठ माणूस नको. ज्यांच्या हातात फोन असतो आणि जे उलट फोन करतात असे कुणीतरी.

यादी दर जुलैत ताजी करावी लागते. बदल्या, निवृत्ती, नव्या नेमणुका. दोन वर्षं दुर्लक्ष केलंत तर निम्मे नंबर बंद लागतात.

नोंदणीची वाट

काही मित्र वर्षानुवर्षं बिनानोंदणीचं मंडळ चालवतात. छोट्या चर्चागटासाठी ते ठीक आहे. पण वर्गणी गोळा करायची, बँकेत खातं काढायचं, अनुदान मागायचं तर नोंदणी हवीच. माझा सल्ला असा की पहिलं वर्ष बिनानोंदणीचं काढा, दोन-तीन कार्यक्रम करा, कोण खरोखर काम करतं ते दिसू द्या आणि मगच सात नावं कागदावर आणा. नोंदणीच्या कागदावर एकदा आलेली नावं बदलायला वेळ लागतो.

सात म्हणालो कारण १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार किमान सात जण लागतात. महाराष्ट्रात त्याच कार्यालयात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते, त्यामुळे दोन वेगवेगळी प्रमाणपत्रं हातात येतात. कार्यालय म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणचं धर्मादाय आयुक्तांचं. कागद साधारण असे: नावाबद्दलचा अर्ज, उद्देशपत्र, नियमावली, सातही जणांची ओळख आणि पत्त्याचे पुरावे, संमतिपत्रं, कार्यालयाच्या जागेसाठी जागामालकाचं ना हरकत पत्र, प्रतिज्ञापत्र आणि स्थापनेच्या सभेचा ठराव. वकील किंवा या कामातला जाणकार सल्लागार गाठा. त्याची फी वसूल होते. संघटनेच्या नावात विद्यापीठाचं नाव घालायचं असेल तर आधी विद्यापीठाशी लेखी बोलून घ्या, नाहीतर तिथेच घोडं अडतं. ‘राष्ट्रीय’, ‘भारतीय’ असले शब्द टाळलेले बरे.

सातही जण एकाच गावचे नकोत. ही चूक बहुतेक ठिकाणी सोयीपोटी होते, कारण सह्या लवकर मिळतात. मग दहा वर्षांनी संघटना ‘त्या शहरवाल्यांची’ म्हणून ओळखली जाते आणि बाकीचे जिल्हे वर्गणी देईनासे होतात. सह्यांसाठी दोन रविवार एसटीने फिरावं लागलं तरी फिरा.

नियमावलीत चार कलमं शांतपणे लिहा. पदाधिकाऱ्यांची मुदत तीन वर्षं, आणि लागोपाठ दोनदापेक्षा जास्त वेळा तेच पद नाही. अध्यक्षपद जिल्ह्यांत फिरतं राहील. कार्यकारी मंडळात किमान एक तासिका तत्त्वावरचा सदस्य आणि किमान दोन महिला असतील. सभेची गणपूर्ती किती ते आकड्यात, आणि गणपूर्ती नसल्यास सभा अर्धा तास तहकूब करून त्याच जागी पुन्हा घेता येईल. हे शेवटचं कलम नसेल तर वार्षिक सभा कायदेशीर होणं मुश्किल, कारण परिक्षेत्रातल्या दीडशे सदस्यांपैकी पन्नास एका जागी कधी येतील याचा भरवसा नसतो.

नोंदणीनंतर जी गोष्ट हमखास विसरली जाते ती म्हणजे बदल अर्ज. निवडणूक झाली, विश्वस्त बदलले, पत्ता बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात तो दाखल करावा लागतो. तो न दिल्यामुळे कागदावर अजून पहिलेच विश्वस्त असलेल्या संस्था आपल्या आजूबाजूला पुष्कळ आहेत. त्यांतले काही विश्वस्त हयातही नसतात, आणि मग खात्यातले पैसे कुणालाच काढता येत नाहीत. निकाल लागल्याच्या आठवड्यातच कागद गोळा करा: निवडणुकीची नोटीस, ती पोचल्याचा पुरावा, सभेचं इतिवृत्त, नव्या माणसांची संमतिपत्रं. सभेत ठराव लिहिताना सूचक आणि अनुमोदक यांची पूर्ण नावं घाला. ‘सर्वानुमते मंजूर’ एवढ्यावर भागत नाही.

पैसा

आजीव सदस्यत्वाची रक्कम खर्च करायची नाही. हा एक नियम पाळलात तर संघटना टिकते. समजा दीडशे आजीव सदस्य झाले आणि प्रत्येकी हजार रुपये आले, तर दीड लाखाची मुदत ठेव होते. सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला साडेदहा हजार. त्यात हिशेब तपासनिसाची फी, टपाल, बदल अर्जाचा खर्च आणि एखाद्या छोट्या कार्यशाळेचा चहा निघतो. तेवढंच त्या व्याजाचं काम. अधिवेशन त्याच्या स्वतःच्या नोंदणी शुल्कातून आणि यजमान महाविद्यालयाच्या मदतीतून उभं राहायला हवं.

अधिवेशनासाठी राष्ट्रीय उच्च गणित मंडळाकडे अर्ज करता येतो. हे मंडळ १९८३ साली अणुऊर्जा विभागाने स्थापन केलं आणि गणिताच्या परिषदांना, कार्यशाळांना ते अर्थसाहाय्य देतं. अर्ज काही महिने आधी करावा लागतो आणि नंतर खर्चाचा विनियोग दाखला वेळेत द्यावा लागतो. एका वर्षी हा दाखला लांबला की पुढच्या वेळी दार ठोठवायची चोरी होते. विद्यापीठाकडूनही काही निधी मिळतो; त्याचं पत्र विभागप्रमुखांमार्फत पाठवा.

खात्यावर तिघांपैकी दोघांच्या सह्या ठेवा आणि त्यात कोषाध्यक्षांची सही सक्तीची ठेवा. रोखीने वर्गणी घेणं बंद करा. पावती पुस्तक क्रमाने छापलेलं असू द्या, आणि पावती ज्या दिवशी पैसे आले त्याच दिवशीची. प्राप्तिकरातल्या नोंदणीचं आणि देणगीदाराला मिळणाऱ्या सवलतीचं काम सनदी लेखापालाला विचारून पहिल्याच वर्षी करून घ्या, देणगीदार दारात उभा राहिल्यावर धावपळ नको.

गणिताच्या अध्ययनासाठी निधीची लेखी व्यवस्था लावणं हे आपल्याकडे नवं नाही, आणि याचा पुरावा आमच्या खानदेशातच आहे. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात जो शिलालेख सापडला तो शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०६-०७ चा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांसमोर आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या सिद्धांतशिरोमणीचं आणि इतर ग्रंथांचं अध्यापन व्हावं म्हणून तिथे मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या स्थानिक राजांनी त्याला उत्पन्न नेमून दिलं. लेखाचा बराचसा भाग संस्कृत आहे, पण पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालातून मठाला काय मिळेल हा भाग त्या काळच्या मराठीत कोरलेला आहे. व्यापाऱ्याला आणि ग्राहकाला समजेल अशा भाषेत. देणग्यांचे ठराव आणि वार्षिक हिशेब मराठीत लिहावेत असा माझा आग्रह आहे, त्यामागे हा लेखही आहे. उत्तर महाराष्ट्रात अधिवेशन घेत असाल तर दुसऱ्या दिवशी सकाळी सदस्यांना पाटणादेवीला जरूर घेऊन जा.

वर्षाचं वेळापत्रक

विद्यापीठाची शैक्षणिक दिनदर्शिका हाती आली की सगळ्यात आधी परीक्षा आणि पेपर तपासणीचे आठवडे खोडून टाका. उरतं ते आपलं वर्ष.

जुलै-ऑगस्टात नव्या अभ्यासक्रमावरची एकदिवसीय कार्यशाळा. ही सत्र सुरू झाल्यावर लगेच हवी. सप्टेंबरच्या शेवटी घेतलीत तर निम्मा पेपर शिकवून झालेला असतो. २२ डिसेंबरला राष्ट्रीय गणित दिवस. रामानुजनच्या जन्मदिवशी तो साजरा करण्याची घोषणा २०११ साली झाली, आणि तेव्हापासून प्रत्येक महाविद्यालय स्वतःचा कार्यक्रम करतंच, त्यामुळे त्या दिवशी संघटनेचा मध्यवर्ती कार्यक्रम ठेवू नका. त्याऐवजी वक्त्यांची यादी सगळ्या महाविद्यालयांना पाठवा आणि कुणी कुठे जायचं ते जुळवून द्या. लहान गावच्या महाविद्यालयाला शेजारच्या तालुक्यातले सर व्याख्यानाला मिळाले की त्यांचाही खर्च वाचतो आणि दोघांची ओळखही होते. जानेवारी-फेब्रुवारीत अधिवेशन आणि त्याला जोडून वार्षिक सर्वसाधारण सभा. ३१ मार्चला हिशेब बंद, नंतर लेखापरीक्षण.

कार्यकारी मंडळाच्या बैठकीसाठी माणसं गोळा करणं अवघड जात असेल तर उत्तरपत्रिका तपासणीचे दिवस बघा. केंद्रीय मूल्यमापनासाठी सगळे एका ठिकाणी आलेले असतात. संध्याकाळी पाचनंतर तासभर बसलं की बैठक होते आणि कुणाची वेगळी पदरमोड होत नाही. जिथे उत्तरपत्रिका संगणकावर तपासल्या जातात तिथे ही सोय राहिलेली नाही, तिथे ऑनलाइन बैठक घ्या. ऑनलाइन बैठकही रीतसर नोटीस काढून, विषयपत्रिका देऊन.

अधिवेशन

यजमान महाविद्यालय एक वर्ष आधी ठरलेलं असावं. प्राचार्यांना पत्र देताना तुम्हाला काय हवंय ते सांगा: एक सभागृह, दोन वर्ग, जेवणाची जागा, बाहेरगावच्या तीसेक लोकांची राहायची सोय. आणि फळा. हे आवर्जून लिहितो आहे, कारण नव्या सभागृहांत मोठा पडदा असतो, भारी ध्वनियंत्रणा असते, फळा मात्र नसतो. गणिताचं व्याख्यान पडद्यावरच्या सरकत्या पाट्यांवर भराभर निघून जातं आणि ऐकणाऱ्याच्या वहीत काही उतरत नाही. आदल्या दिवशी जाऊन फळा, चांगला खडू आणि शेवटच्या रांगेतून अक्षर दिसतं का ते तपासा.

सदस्यांना कर्तव्य रजा मिळावी म्हणून निमंत्रणपत्र महिनाभर आधी, प्राचार्यांच्या नावे, संघटनेच्या नोंदणी क्रमांकासह पाठवा. उपस्थितीचं प्रमाणपत्र शेवटच्या सत्रानंतरच द्या.

उद्घाटनाला पाऊण तास, त्याहून जास्त नाही. दीपप्रज्वलन, एक स्वागत, एक प्रमुख भाषण. व्यासपीठावर पाचच खुर्च्या ठेवा आणि सत्कार शाल-श्रीफळाऐवजी पुस्तकाने करा. वेळ इथेच वाया जातो, आणि लांबून आलेल्या माणसाची शेवटची बस सहाला सुटणार असते.

वक्त्यांच्या बाबतीत महाराष्ट्राचं भाग्य मोठं आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था, आयआयटी आणि होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, पुण्यात आयसर आणि श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली स्थापन केलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान. या ठिकाणची मंडळी बोलावलं तर येतात, आपुलकीने येतात. त्यांना पत्रात श्रोते कोण आहेत ते मोकळेपणाने सांगा: ‘पदवीला शिकवणारे शिक्षक आहेत, पुष्कळांचं संशोधन सुटलेलं आहे, आपण बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाच्या पायावर उभं राहून बोलावं.’ असं लिहिलं की चांगला वक्ता खूश होतो.

माझ्या मते अधिवेशनाचा खरा गाभा बाहेरच्या वक्त्यांत नाही. ‘माझं एक उदाहरण’ नावाचं सत्र ठेवा. प्रत्येक सदस्याला आठ मिनिटं, फळ्यावर, वर्गात वापरलेलं एकच उदाहरण. एका सत्रात दोन चलांच्या फंक्शनच्या लिमिटचा विषय निघाला होता. अंशात एक्स गुणिले वायचा वर्ग, छेदात एक्सचा वर्ग अधिक वायचा चौथा घात. उगमबिंदूकडे कोणत्याही सरळ रेषेवरून गेलं तरी उत्तर शून्य. मुलं लगेच लिमिट शून्य म्हणून मोकळी होतात. मग एक्स बरोबर वायचा वर्ग या अन्वस्तावरून जायचं, आणि तिथे उत्तर सतत अर्धा. हे उदाहरण पाठ्यपुस्तकांत आहे, सगळ्यांना माहीत आहे. पण त्या तरुण मॅडमनी ते कसं शिकवलं हे ऐकण्यासारखं होतं: आधी मुलांना रेषा निवडायला सांगायच्या, प्रत्येकाला आपापली रेषा करू द्यायची, वर्गभर शून्यं जमा झाली की विचारायचं, ‘अजून एखादी वाट राहिली का?’ आणि मग दहा मिनिटं गप्प बसायचं. त्या तासिका तत्त्वावर होत्या. चहाच्या वेळी त्यांच्याभोवती जी गर्दी झाली ती पाहून मला वाटलं की संघटनेने याहून वेगळं काही केलं नाही तरी चालेल.

एका गोष्टीपासून लांब राहा. शोधनिबंधांचं इतिवृत्त छापून देतो, पानामागे इतके रुपये, पदोन्नतीला गुण मिळतील, असे प्रस्ताव घेऊन प्रकाशक येतात. सदस्यांकडूनही दबाव येतो. ठामपणे नाही म्हणा. निबंध चांगला असेल तर तो रीतसर परीक्षण होणाऱ्या नियतकालिकात जावा. संघटनेने त्यासाठी लेखन कार्यशाळा घ्यावी, गणिती मजकूर टाइप करायची लेटेक प्रणाली शिकवावी, कच्चा मसुदा वाचून द्यावा.

अभ्यासक्रम

अभ्यास मंडळात संघटनेला मत नसतं, पण मंडळातले सदस्य आपल्यातलेच असतात आणि त्यांना नेमक्या सूचना हव्या असतात. ‘अभ्यासक्रम फार आहे’ ही सूचना नव्हे. श्रेयांकाचं (क्रेडिटचं) गणित सोपं आहे: लेखी पेपरला एक श्रेयांक म्हणजे पंधरा तास, प्रात्यक्षिकाला तीस. दोन श्रेयांकांच्या पेपरला तीस तास मिळतात. तीन महाविद्यालयांतल्या तीन शिक्षकांनी वर्षभर डायरी ठेवावी, कोणत्या घटकाला प्रत्यक्ष किती तास लागले. समजा सीक्वेन्सच्या घटकाला आठ तास दाखवलेत आणि तिघांनाही बारा-तेरा लागले, तर पत्रात एवढंच लिहा, सोबत डायरीची प्रत जोडा आणि काय वगळावं किंवा कुठे हलवावं तेही सुचवा. असं पत्र बाजूला टाकणं कुणालाही जड जातं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे पेपर, भारतीय ज्ञान परंपरेचा पेपर अशी भर पडली आहे, आणि एकट्या शिक्षकाच्या विभागात हे सगळं एकाच्या डोक्यावर आहे. इथे संघटना हात देऊ शकते. पेपरागणिक तिघांचा गट करा. गटाने उदाहरणांचा संच, प्रात्यक्षिकाची उत्तरं, सराव प्रश्नपत्रिका तयार करून सगळ्यांना मोफत द्यावी. पायथन ही संगणकभाषा किंवा मॅक्सिमा ही गणिती प्रणाली यांवरच्या प्रात्यक्षिकांसाठी चालवून पाहिलेला कोड हवा. संगणक कक्षात वीस मुलं बसलेली असताना पहिल्याच ओळीत चूक दाखवली जाते तेव्हा शिक्षकाची काय अवस्था होते ते आपल्याला ठाऊक आहे. भारतीय ज्ञान परंपरेच्या पेपरात लीलावतीतली मूळ उदाहरणं, माधवाच्या अनंत श्रेणी, ब्रह्मगुप्ताचे ऋण संख्यांचे नियम यांवर काम करा. ‘वैदिक गणित’ म्हणून शिकवल्या जाणाऱ्या सोळा सूत्रांच्या झटपट आकडेमोडीत तो पेपर संपवू नका. खरी सामग्री इतकी श्रीमंत आहे की तिच्यावर अन्याय होतो.

विद्यार्थ्यांपर्यंत

पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी माधव गणित स्पर्धा आहे. पुण्याच्या स. प. महाविद्यालयाच्या गणित विभागाने होमी भाभा केंद्राच्या सोबतीने ती सुरू केली. उन्हाळ्यात निवड झालेल्या मुलांसाठी १९९३ पासून एमटीटीएसची (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) शिबिरं भरतात, तिथे प्रश्न विचारत विचारत गणित उभं करायला शिकवतात. शहरातल्या मुलांना हे माहीत असतं. मोलगीच्या किंवा शिरपूरच्या मुलीला ते कुणी सांगितलं तरच कळतं, आणि अर्जाची मुदत संपल्यावर कळून उपयोग नसतो. जिल्हा समन्वयकाने या दोन्हींच्या तारखा प्रत्येक महाविद्यालयाला फोन करून कळवायच्या, गटावर संदेश टाकून मोकळं व्हायचं नाही. शक्य झालं तर स्पर्धेचं एक केंद्र आपल्या परिक्षेत्रात आणा आणि आधी दोन रविवार जुने प्रश्न सोडवायला बसा.

दप्तर आणि हस्तांतर

संघटनेचा ईमेल संघटनेच्या नावाचा असू द्या, कार्यवाहांच्या नावाचा नको. पासवर्ड कार्यवाह आणि कोषाध्यक्ष दोघांकडे. व्हॉट्सॲपवर दोन गट करा: एक फक्त सूचनांचा, दुसरा गणिताच्या चर्चेचा. शुभेच्छा, राजकारण, पुढे ढकललेले संदेश दोन्हीकडे बंद. हे पहिल्या दिवशी सांगितलं तर कुणाला राग येत नाही, सहा महिन्यांनी सांगितलं तर येतो.

इतिवृत्त सभेनंतर आठवड्याच्या आत लिहून फिरवा. सदस्य नोंदवही, इतिवृत्ताची वही, पावती पुस्तकं, दोन्ही नोंदणी प्रमाणपत्रं, मंजूर बदल अर्जांचे आदेश, लेखापरीक्षण अहवाल, पॅन कार्ड, मुदत ठेवीच्या पावत्या आणि शिक्के एका कपाटात, आणि त्या सगळ्यांच्या स्कॅन प्रती ईमेलच्या खात्यात. कपाट एखाद्या महाविद्यालयात असेल तर प्राचार्यांशी लेखी ठरवून ठेवा, कारण व्यवस्थापन बदलतं.

नवं मंडळ आलं की जुन्या कार्यवाहांनी या यादीवर सही घेऊन दप्तर द्यावं. मग जुने आणि नवे असे सगळे सहीवाले एकाच दिवशी बँकेत जावेत. सोबत निवडणुकीच्या ठरावाची प्रमाणित प्रत, सही बदलाचा स्वतंत्र ठराव, नव्या माणसांचे ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे, फोटो, संस्थेचा शिक्का आणि बदल अर्ज दाखल केल्याची पोच. खात्याला जोडलेला मोबाइल नंबरही त्याच खेपेला बदलून घ्या, नाहीतर पुढची तीन वर्षं प्रत्येक व्यवहाराचा ओटीपी माजी कोषाध्यक्षांच्या फोनवर येत राहतो.